आपाची वही आणि तीन आज्ञा

पुण्या-मुंबईच्या पाहुण्याला गोंदियाच्या भाजीबाजारात सांबार आणायला पाठवले, तर तो बिचारा इडलीचे हॉटेल शोधत फिरेल. आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर. बटाट्याला आम्ही आलू म्हणतो, शेंगदाण्याला फल्लीदाणे म्हणतो आणि खेड्यांतल्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडून टमाटरासाठी भेदरे हा शब्द अजून ऐकू येतो. आज मला पाककृतींच्या संग्रहांविषयी आणि त्यात हवी ती कृती शोधण्याविषयी बोलायचे आहे. सुरुवात सांबाराने केली, कारण आमच्या घरातला शोध नेमका याच शब्दापाशी अडला होता.

माझ्या थोरल्या बहिणीची, म्हणजे आपाची, स्वयंपाकाची एक वही होती. आमच्या घरातली बोली उर्दू-हिंदीच्या वळणाची. पण आपा मराठी शाळेत शिकली. त्यामुळे अम्मी चुलीपाशी बसून आपल्या बोलीत सांगायची आणि आपा ते मराठीत उतरवून घ्यायची. मुहर्रमचा खिचडा, ईदचा शीरखुर्मा, अंबाडी घालून केलेले गोश्त, तलावाच्या माशांचे कालवण, शेजारच्या काकूंनी शिकवलेली पाटोडी. अशा सत्त्याऐंशी कृती वहीत होत्या. १९९९ साली भंडाऱ्यातून वेगळा होऊन आमचा गोंदिया जिल्हा झाला. त्याच वर्षी घरात सगळ्यांना उत्साह आला आणि आम्ही ती वही बाजारातल्या एका टायपिंगच्या दुकानातून संगणकावर उतरवून घेतली. दुकानदाराने एक फ्लॉपी दिली आणि नमुना म्हणून अकरा पाने छापून दिली. पुढे छोटे पुस्तक काढायचे, असे आपाच्या मनात होते. ते राहून गेले. एका पावसाळ्यात कपाटावरचे कौल सरकले आणि वही भिजून लगदा झाली. "फ्लॉपीत आहे ना सगळं," असे म्हणून आम्ही समाधान मानले. २०११ साली आपाही गेली.

फ्लॉपीतला मजकूर कोणीतरी मधल्या काळात सीडीवर उतरवून ठेवला होता. काही वर्षांनी तो उघडला, तेव्हा पडद्यावर एकही मराठी अक्षर दिसेना. इंग्रजी अक्षरे, डॉलरची खूण, उलटे स्वल्पविराम, टोप्या घातलेले ओ आणि यू, असा सगळा कचरा. अम्मीच्या सत्त्याऐंशी कृती त्या कचऱ्यात होत्या आणि आम्हाला वाचता येत नव्हत्या.

हे असे का झाले, ते समजून घेताना मला बराच इतिहास वाचावा लागला. मी साधा बी.ए., त्यात कवी. संगणक माझा विषय नव्हे. तरी जे कळले ते सांगतो.

पाककृती लिहून ठेवण्याची आपल्या भागातली परंपरा जुनी आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लास' या बाराव्या शतकातल्या संस्कृत ग्रंथात अन्नभोगाचा स्वतंत्र भाग आहे. माळव्यात मांडूच्या गियासशाहाच्या दरबारात इसवी सन १५००च्या सुमारास 'निअमतनामा' हे फारसी पाकपुस्तक चित्रांसह तयार झाले. त्याचे हस्तलिखित पुढे टिपू सुलतानाच्या ग्रंथालयात होते आणि आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. या दोन्ही ग्रंथांत पदार्थांची श्रीमंती आहे, पण घाईच्या वेळी चटकन हवी ती कृती काढावी अशी सोय मुख्य नाही. राजाला ती सोय कशाला हवी? त्याच्या पदरी खानसामा असतो.

सोय लागते ती आपल्यासारख्यांना, आणि ती छापखान्याबरोबर आली. १८७५ साली रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे 'सूपशास्त्र' निघाले. मराठीतले पहिले छापील पाकपुस्तक म्हणून त्याचे नाव घेतले जाते. १९१० साली लक्ष्मीबाई धुरंधर यांचे 'गृहिणी-मित्र' आले. त्याचे दुसरे नावच मुळी 'एक हजार पाकक्रिया' असे. हजार कृती एका पुस्तकात म्हटल्या की शोधण्याचा प्रश्न आलाच. आणि १९७० साली कमलाबाई ओगले यांच्या 'रुचिरा'ने तर मराठी घरांत कायमची जागा मिळवली. लाखाहून अधिक प्रती खपल्या. वाटी आणि चमचा ही त्यातली मापे कोणत्याही घरात हाताशी असलेली. आमच्या घरातही 'रुचिरा' होती आणि पुरणपोळीच्या पानावर तेलाचा डाग होता. त्या डागामुळे पान लगेच सापडे. पाकपुस्तकात कृती शोधण्याचा हा सर्वांत जुना आणि खात्रीचा मार्ग असावा.

आता संगणकाकडे येऊ. स्वयंपाकघरात संगणक आणण्याचा पहिला गाजलेला प्रयत्न १९६९ सालचा. अमेरिकेतल्या नीमन मार्कस या श्रीमंतांच्या दुकानाने आपल्या नाताळच्या यादीत हनीवेल कंपनीचा 'किचन कॉम्प्युटर' विकायला ठेवला. किंमत १०,६०० डॉलर. त्यात पाककृती साठवता येतील, असे सांगितले होते. पण या यंत्राला टंकफलक नव्हता, पडदाही नव्हता. गृहिणीने समोरच्या खटक्यांची उघडझाप करून सांकेतिक अंक भरायचे आणि उत्तर लुकलुकणाऱ्या दिव्यांत वाचायचे. ते शिकवण्यासाठी दोन आठवड्यांचा वर्ग किमतीत धरलेला होता. एकही यंत्र विकले गेल्याची नोंद नाही. अम्मीला हे सांगितले असते तर ती म्हणाली असती, "तेवढ्यात तर खिचडा शिजतो."

त्याच १९६९ साली अमेरिकेतच, न्यू जर्सीच्या बेल प्रयोगशाळेत, केन थॉम्पसन आणि डेनिस रिची या दोघांनी युनिक्स नावाच्या प्रणालीचे काम सुरू केले. तिला मोठे यंत्र मिळाले ते मजेशीर कारणाने. आम्ही मजकूर टाइप करून सुबक छापण्याची व्यवस्था तयार करू, असे त्यांनी वरिष्ठांना सांगितले. १९७१ साली प्रयोगशाळेचा पेटंट विभाग आपले अर्ज त्यावर तयार करू लागला. म्हणजे आज जगभर पसरलेल्या या प्रणालीचा पहिला खरा संसार साधा मजकूर लिहिणे, शोधणे आणि छापणे हाच होता.

युनिक्समध्ये चित्रे नव्हती, बटणे नव्हती. एक ओळ समोर असे, त्यावर आज्ञा टाइप करायची. आज्ञा छोट्या, आणि प्रत्येकीला एकच काम. एक फाइल दाखवते, एक यादी लावते, एक शोधते, एक छापखान्याकडे पाठवते. १९७३ साली डग मॅकिलरॉय यांच्या आग्रहावरून या आज्ञा एकमेकींना जोडण्याची सोय झाली. पहिलीतून निघालेला मजकूर सरळ दुसरीत जातो. त्याला ते पाइप म्हणतात. मला आमच्या मालगुजारी तलावांची आठवण होते. तलावाचे पाणी पाटाने वरच्या बांधीत येते, तिथली गरज भागली की खालच्या बांधीत उतरते. प्रत्येक बांधीला खालच्या बांधीचा नकाशा ठाऊक असण्याची गरज नसते. शोधणाऱ्या आज्ञेचे नाव ग्रेप. ते द्राक्ष नव्हे. 'सगळीकडे पाहा, नमुना जुळला की ती ओळ छाप' अशा जुन्या सूचनेची ती आद्याक्षरे आहेत. अशा दोन-चार आज्ञा एका फाइलीत लिहून ठेवल्या की तिला स्क्रिप्ट म्हणतात. सिनेमाच्या पटकथेशी तिचा संबंध नाही. घरकामाला आलेल्या नव्या माणसाला आपण चिठ्ठीवर कामे लिहून देतो, तशी ती चिठ्ठी.

या चिठ्ठ्यांच्या जोरावर १९८०च्या दशकाच्या मध्यावर अमेरिकेतल्या ब्रायन रीड या संगणकतज्ज्ञाने पाककृतींचा एक संग्रह उभा केला. यूजनेट कुकबुक हे त्याचे नाव. विद्यापीठांचे आणि कंपन्यांचे संगणक तेव्हा एकमेकांना मजकूर पाठवत. लोक आपल्या घरच्या कृती पाठवत आणि रीड त्या तपासून, एका साच्यात बसवून पुन्हा सगळ्यांना धाडत. प्रत्येक कृतीची वेगळी, साध्या मजकुराची फाइल. नाव कुठे, जिन्नस कुठे, पायऱ्या कुठे, याच्या खुणा ठरलेल्या. मापे अमेरिकन कपात आणि मेट्रिक ग्रॅममध्येही. सोबत छोट्या स्क्रिप्ट असत. त्यांनी कृती पडद्यावर पाहायची किंवा नीटस पान छापून आपल्या फाइलीत लावायचे. मला सर्वांत आवडली ती शेवटची नोंद. कृती किती अवघड, वेळ किती, आणि मापात काटेकोरपणा किती हवा, हे तिथे लिहिलेले असे. कितीतरी कृतींखाली 'अंदाजे माप चालेल' अशा अर्थाची ओळ होती. अम्मीच्या प्रत्येक कृतीखाली ती ओळ लिहावी लागली असती.

तेव्हा मनात आले, की हे सारे मराठीत तेव्हाच का झाले नाही? प्रयत्न झाले होते, आणि चांगले झाले होते. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेले भारतीय लिप्यांचे काम पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये आले. ही संस्था १९८८ सालची. तिच्या जिस्ट कार्डामुळे साध्या डॉसच्या संगणकावरही देवनागरी उमटू लागली. १९९१ साली भारतीय मानक म्हणून इस्की हा संकेत ठरला, म्हणजे कोणत्या अक्षराला कोणता अंक, याचा सरकारी करार. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली आणि तिच्यातली देवनागरीची मांडणी इस्कीच्याच आधीच्या रूपावर बेतलेली होती.

पण बाजार दुसऱ्या वाटेने गेला. छपाईच्या दुकानांना कागदावर अक्षर सुंदर दिसण्याशी मतलब होता. फाइलीत काय साठले आहे, हे पाहण्याचे त्यांना कारण नव्हते. म्हणून फाइलीत ठेवायची इंग्रजी अक्षरे आणि त्यांना वरून मराठी अक्षरांचा पोशाख चढवायचा, अशी रीत पडली. प्रत्येक कंपनीचा पोशाख निराळा. पोशाख उतरला की खालची इंग्रजी अक्षरे उघडी. आमच्या फाइलीचे नेमके हेच झाले होते. टायपिंगचे दुकान केव्हाच बंद पडले होते. त्यांनी कोणता फॉन्ट वापरला, हे सांगणारे कोणी उरले नव्हते. ती सॉफ्टवेअरे संगणकाच्या मागे खोचलेल्या कुलपाशिवाय चालतही नसत.

आपाची मुलगी, माझी भाची, पुण्यात संगणकाच्या नोकरीत आहे. २०२०च्या टाळेबंदीत ती घरी येऊन राहिली. कामाचा वेळ सोडून रोज रात्री ती त्या कचऱ्यापुढे बसू लागली. तयार परिवर्तक तिने वापरून पाहिले, पण आमच्या फॉन्टशी एकही पुरता जुळेना. मग तिने ती अकरा छापील पाने मागितली. मी ती आपाच्या नमाजच्या चटईत जपून ठेवली होती. छापील पानावर 'म' आहे, त्या जागी फाइलीत कोणती खूण आहे? असे करत करत तिने दोन रकान्यांचा तक्ता केला. मी मोठ्याने वाचायचो, ती लिहायची. अम्मी आणि आपा बसायच्या तसेच.

तक्ता झाला, तरी काम संपले नाही. आपण ऱ्हस्व इकार व्यंजनाच्या आधी काढतो, म्हणून जुन्या फाइलीतही तो आधी होता. युनिकोडात मात्र तो उच्चाराप्रमाणे व्यंजनानंतर साठतो. त्यामुळे पहिल्या फेरीत मिरचीचा इकार 'म'च्या आधी एकटाच लोंबकळत राहिला. रफाराचे उलट. तो आपण अक्षरावर शेवटी चढवतो, पण उच्चारात 'र' आधी येतो. म्हणून शीरखुर्म्याचे पडद्यावर 'शीरखुमार्' झाले. खुमार म्हणजे नशा. कवी म्हणून मला ही चूक इतकी आवडली, की ती तशीच ठेवावी असे मी सुचवले. भाचीने ऐकले नाही. "मामू, शायरी बाजूला ठेवा," म्हणाली. तिने सेड नावाच्या एका जुन्या युनिक्स आज्ञेला हे बदल ओळीओळीने लिहून दिले आणि एका क्षणात सत्त्याऐंशी कृतींतले इकार आणि रफार जागेवर गेले.

मग तिने प्रत्येक कृतीची वेगळी फाइल केली. पहिल्या ओळीत नाव, नंतर जिन्नस, नंतर कृती. आणि एका जुन्या लॅपटॉपवर लिनक्स घालून तीन चिठ्ठ्या लिहिल्या. त्यांची नावे तिने मराठीतच ठेवली, कारण आता ते चालते. 'दाखव', 'शोध' आणि 'छाप'. 'दाखव' म्हटले की सगळ्या कृतींची यादी येते, क्रमांक टाकला की ती कृती पडद्यावर. 'शोध अंबाडी' म्हटले की अंबाडी असलेल्या सगळ्या कृतींची नावे. 'छाप' म्हटले की अर्ध्या पानावर मोठ्या अक्षरांत एकच कृती, चुलीजवळ टाचून ठेवण्याजोगी. आतले काम करणाऱ्या आज्ञा त्याच, पन्नास वर्षांपूर्वीच्या. प्रिंटरकडे मजकूर सरळ पाठवला, तर आमच्याकडे जोडाक्षरे मोडत. म्हणून मधे अक्षरे नीट जुळवणारा एक छोटा प्रोग्रॅम बसवावा लागला. संगणकाला अहो-जाहो करावे का, असे मी तिला विचारले. "आज्ञार्थात एकेरीच बरं," ती म्हणाली.

पहिल्या दिवशी मी मोठ्या हौसेने 'शोध कोथिंबीर' टाइप केले. उत्तर आले नाही. सत्त्याऐंशी कृतींत एकदाही कोथिंबीर नाही, हे कसे शक्य आहे? मग लक्षात आले. आपाने सगळीकडे सांबार लिहिले होते. पुऱ्यांची गंमत आणखी वेगळी. 'पुऱ्या' शोधले तर दोन कृती सापडल्या, तिसरी डोळ्यांसमोर असून सापडेना. कारण 'ऱ्य' दोन तऱ्हांनी साठवता येतो. एकदा त्यासाठीच्या खास 'ऱ' या अक्षराने, एकदा साध्या 'र'ला हलंत लावून आणि पुढे एक न दिसणारी खूण घालून. डोळ्याला दोन्ही सारखे, ग्रेपला मात्र दोन वेगळे शब्द. भाकऱ्या, पुऱ्या, सुऱ्या, सगळ्यांचे हेच. ते तिने एका रूपात आणले. त्याबद्दल वाद नव्हता.

वाद झाला सांबारावरून. "मी सगळीकडे कोथिंबीर करून टाकते, एका ओळीचं काम आहे," भाची म्हणाली. मी नको म्हणालो. तिचे म्हणणे चूक नव्हते. पुण्यात वाढणाऱ्या तिच्या मुलांना सांबार म्हणजे इडलीचे तेवढेच कळणार. पण छापील पाकपुस्तकांत आमच्या झाडीपट्टीचा शब्द आधीच क्वचित येतो. आपाने तो लिहिला, तो तिच्या हातून लिहिला गेला, आणि आता तिच्याच लेकीने एका ओळीत तो पुसायचा, हे मला पचेना. दोन दिवस आम्ही एकमेकांशी नीट बोललो नाही. तिसऱ्या दिवशी तिनेच तोडगा काढला. वहीला हात लावायचा नाही. वेगळी एक फाइल करायची आणि तिच्यात जोड्या लिहायच्या. सांबार, कोथिंबीर. आलू, बटाटा. फल्लीदाणे, शेंगदाणे. भेदरे, टमाटर, टोमॅटो. 'शोध'ने आधी ही फाइल पाहायची आणि मग जोडीतल्या प्रत्येक शब्दासाठी वही धुंडाळायची. आता कोथिंबीर मागितली की सांबाराच्या एकतीस कृती येतात आणि छापल्यावर कागदावर सांबारच राहते. जोड्यांच्या त्या फाइलीत मी अधूनमधून भर घालत असतो. शेजारच्या काकू अजून आहेत, त्यांच्याकडून शब्द मिळतात.

एक गोष्ट मात्र सुटली नाही. अंबाडीच्या गोश्तात मिठाआधी जे माप आहे, तिथे फाइलीत अशी एक खूण आहे, जी त्या अकरा पानांत कुठेच येत नाही. पाव, अर्धा, दीड किंवा आणखी काही, असा तो कोणता तरी अपूर्णांक असणार. ते मापही तिखटाचे की चिंचेच्या कोळाचे, हे मागची खूण पुसट असल्याने कळत नाही. अम्मी नाही, आपा नाही. माझी बायको एक अंदाज करते, भाची पुण्यात दुसरा करते, धाकटा भाऊ नागपूरला तिसरा. भाचीने त्या फाइलीखाली तिघांचे अंदाज नावानिशी, तारखेसह लिहून ठेवले आहेत. मूळ ओळीत तिने काही भरले नाही. गेल्या ईदला मी 'छाप' म्हटले, तेव्हा कागदावर त्या जागी बोटभर रिकामी जागा आली. बायकोने तो कागद चुलीवरच्या फडताळाला टाचला आणि त्या जागेत पेन्सिलीने लिहिले, पाऊण.